नोकरी जिल्हा परिषदेची, घाणा बायकोचा: तेल विकायचं कसं आणि कुणाला?

औसेकर_मास्तर (औसा तालुका, जि. लातूर)

राम राम मंडळी. जरा लांबण लागंल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर प्राथमिक शिक्षक, नोकरीला १३ वर्षं झाली. बायकोचं बी.एड. झालंय. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसली होती, मग एक दिवस म्हणली, पुरे झालं, आता मला माझं काहीतरी करू द्या. गेल्या उन्हाळ्यात भावाच्या शेडमध्ये लाकडी घाणा टाकला. मोटर, फिटिंग, वायरिंग धरून पावणेदोन लाख. शिक्षक पतसंस्थेतून मीच उचलले. करडई घरची. आमच्याकडं आता सोयाबीन निघालं की सगळे हरभरा टाकतात, करडईच्या काट्यात काढणीला कुणी हात घालत नाही. पण आमच्या दादांनी (वडलांनी) तीन एकराचा पट्टा कधी मोडला नाही. बियाणं परभणीच्या विद्यापीठाचं, 'परभणी कुसुम'. चार किलोला लिटरभर तेल पडतं, जरासं कमीच.

नाव मी ठेवलं, 'गुरुजी घाणा तेल'. लेबलवर फेटा बांधलेला माझा फोटो आणि खाली करडई तेलाचे फायदे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत २१२ बाटल्या गेल्या, ३२० रुपये लिटरनं. मी घरी म्हणलो सुद्धा, नोकरी सोडायची पाळी येतीय का काय. दिवाळी झाली अन् गाडी बंद. नोव्हेंबरमध्ये सहा बाटल्या. सहा!

आता खरं दुखणं. मी बीएलओ पण आहे. मतदार यादीच्या कामाला घरोघर फिरत होतो, चौथीतल्या एका पोराच्या घरी गेलो. आजोबांनी बाज टाकली, चहा ठेवायला सांगितला. समोर टीव्हीच्या फळीवर आमच्या तीन बाटल्या ओळीनं मांडलेल्या, शील न फोडलेल्या, पोराला धावण्यात मिळालेल्या ढालीशेजारी. आणि आत सून सोयाबीन तेलाची पिशवी कापून डब्यात ओतायलेली. मी काही बोललो नाही. आजोबाच म्हणले, "गुरुजी, तुमी दिलेलं हाय, जपून ठिवलंय." दिलेलं! ९६० रुपये घेतले होते मी त्यांच्याकडून. चहा घशाखाली उतरंना.

घरी येऊन यादी काढली. २१२ पैकी दीडशेच्या वर बाटल्या एक तर शिक्षकांना, नाहीतर पालकांना. शिक्षकांकडं अजून १४ हजारांची उधारी अडकलेली.

तर विचारायचंय ते असं, की मास्तर माणसानं जाहिरात करायची तरी कशी? आधी लाज वाटायची, आता भीती वाटायलीय. पालक सोडले तर माझ्या ओळखीचं दुसरं आहे कोण? शनिवारपर्यंत शाळा, हाताशी एक रविवार, त्यातही ऑनलाइन माहिती भरायचं काम घरी येतंच. जाहिरातीत पैसे घालावेत, का घाणा विकून मोकळं व्हावं?

रीलवाला_नांदेड

सर, फेट्यातला फोटो आहेच, मग थांबलात कशाला? घाण्यापाशी उभं राहून तीस सेकंदांची रील टाका, मागं हलगी लावा. माझ्या मेव्हण्याच्या ढाब्याची एक रील दोन लाख लोकांनी बघितली. आणि तेल नाहीच चाललं तर घाणा विका अन् क्लास काढा. तुमच्याकडं पोरं तयारच आहेत की.

येसरवाली (अंबाजोगाई)

मेव्हण्याच्या ढाब्यावर जेवायला किती आले, तेवढं सांगा.

रीलवाला_नांदेड

ते विचारलं नाही ताई.

जुना_केंद्रप्रमुख (परभणी)

क्लासचा सल्ला देणाऱ्यांनी आधी शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २८ वाचावं. शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, विषय संपला.

मास्तर, आता तुमचं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागतात, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे. अनुदानित खाजगी शाळांना १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली. भाषा थोडी वेगळी, गाभा एकच. परवानगीशिवाय तुम्ही स्वतः व्यापार करायचा नाही. घरच्या माणसानं केला तर कुणाची हरकत नाही, पण तो करत असल्याचं कार्यालयाला लेखी कळवायचं. हे कळवायचं काम दहातले नऊ जण करत नाहीत. कुणी निनावी अर्ज टाकला की मग बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसतात. मी ३१ वर्षांत असे पुष्कळ बसलेले पाहिलेत, अर्ज टाकणारा बहुतेक वेळा स्टाफरूममधलाच निघतो. एक साधं पत्र द्या, पोच घ्या, पोचेची झेरॉक्स घरी ठेवा.

दुसरं, 'पत्नीच्या नावावर आहे' हे खरं असावं लागतं. अन्न नोंदणी (एफएसएसएआयची) तिच्या नावानं, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी तिच्या नावानं (ती फुकट होते, कुणाला हजार रुपये देऊ नका), बँक खातं तिचं, क्यूआर कोड तिचा. आणि तुम्ही काय केलंय? बाटलीवर स्वतःचा फोटो अन् 'गुरुजी' नाव! घरच्या धंद्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणं हेही नियमात बसत नाही. तुम्ही तर पुरावाच छापून घरोघर वाटलात. पालकांच्या वर्गाच्या ग्रुपवर तेलाची जाहिरात टाकली असेल तर आज रात्री काढा.

प्राप्तिकराचंही बघा. घाण्याला पैसे तुमच्या कर्जातून गेले. पत्नीला असेच देऊन टाकले असतील तर त्या भांडवलाच्या हिशोबानं नफा तुमच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. एखाद्या सीएला विचारून ते तिला दिलेलं कर्ज म्हणून कागदावर आणा आणि ती खरोखर फेडतीय असं खात्यावर दिसू द्या. तिनं बँकेतून काढलं असतं तर सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं. ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, मशीन आधी रोखीत आणून बसवलं की हातातून गेलं.

येसरवाली (अंबाजोगाई)

केंद्रप्रमुख साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी गिऱ्हाइकाचं सांगते. मास्तर, तुमची फळीवरची बाटली वाचली आणि माझ्याच घरातली २०१६ ची दिवाळी डोळ्यापुढं आली.

मी विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजवर मराठी शिकवते. नोकरीची पहिली कित्येक वर्षं पगार म्हणजे संस्थेच्या मर्जीनं हातावर टेकवलेलं काहीतरी, तेही दिवाळी-पाडव्याला. सासूबाईंचं येसर आमच्या गल्लीत प्रसिद्ध. लग्नकार्याला लोक त्यांनाच बोलवायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, येसर म्हणजे नुसता मसाला नव्हे. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, धने-मिरची-खडा मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. आमटीला त्याच्यानंच अंग येतं. म्हटलं, हेच विकू. पहिल्याच खेपेला ४० किलो केलं. अर्धा किलोची पाकिटं, वर कविता छापलेली. (मराठीची बाई, दुसरं काय होणार!) स्टाफरूममध्ये दोन दिवसांत सगळं संपलं. मी घरी येऊन रडले आनंदानं. पुढच्या दिवाळीला नवीन माल घेऊन गेले तर एक मॅडम म्हणाल्या, "अगं, गेल्या वर्षीचंच पडलंय." त्यांचा दोष नव्हता. त्यांनी येसर घेतलंच नव्हतं. बिनपगारी बाईला मदत केली होती.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, पहिली पिशवी आणि दुसरी पिशवी. पहिली पिशवी कुणीही घेतं. ओळखीनं, भिडेनं, दयेनं, गुरुजींनी पोराला चांगले मार्क द्यावेत म्हणून. ती मी विक्रीत धरतच नाही. मास्तर, तुमच्या २१२ मध्ये परत आलेले किती? आणि त्यातले तुम्हाला सर, गुरुजी न म्हणणारे किती? तेवढा आकडा काढून इथं टाका, मग पुढचं बोलू.

माझं गिऱ्हाईक कुठं सापडलं ते ऐका. भाची लातूरला नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) तयारीला होती. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून मराठवाडाभरातून पोरं तिथं येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पोरांबरोबर आया पण येतात हे कुणी मोजत नाही. दोन दोन वर्षं एका खोलीत राहतात, गॅसची शेगडी, चार भांडी, मिक्सर गावाकडं. पोराला मेसचं जेवण सोसत नाही म्हणून आलेल्या. भाचीच्या शेजारच्या बाईनं येसरची आमटी केली आणि दाराशी तिघी आल्या, वास कुठून येतोय विचारत. पण त्यांना अर्धा किलो नको होतं, ठेवायला जागाच नव्हती. मी १०० ग्रॅमची पाकिटं केली, कविता काढून टाकली, तिच्या जागी 'दोन चमचे, एक तांब्या पाणी, थोडं खोबरं' एवढंच छापलं. खोल्यांच्या खाली झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं एक बरणी ठेवली. दुकानदाराला पाकिटामागं ५ रुपये. आजही माझा निम्मा माल तिथं आणि तशाच आणखी चार दुकानांत जातो. त्या बायकांना मी शिक्षिका आहे हे माहीतही नाही.

उरलेला निम्मा पुण्याला. चाकण, भोसरी, हडपसर, वाघोली, आपलीच माणसं. नीटची परीक्षा संपवून पोरगी पुण्याला गेली की आई गावी जाते, पण येसरची सवय सुटत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला खोकं टाकते, सकाळी तिकडं उतरवून घेतात. त्याआधी पुण्यात एका प्रदर्शनात स्टॉल लावून बघितला होता. तीन दिवसांचं भाडं ६,००० आणि विक्री ४,१००. येणारा-जाणारा चमच्यानं चाखून "छान आहे हं" म्हणायचा आणि पुढं जायचा. स्टॉल वाईटच असतो असं म्हणत नाही मी, माझा माल चमच्यानं चाखायचा नाही हे मला तिथं कळलं. येसर कोरडं खाऊन कुणाला काय कळणार?

आता तुमच्या लेबलाबद्दल. आम्हा शिक्षकांना एक रोग असतो, समजावून सांगायचा. बाटलीवर परिपाठ लिहितो आपण. त्यात फायद्यांच्या यादीत 'कोलेस्टेरॉल कमी', 'हृदयाला हितकारक' असलं काही छापलं असेल तर ते आधी पुसा, खाद्यतेलावर असले शब्द छापायला मनाई आहे. त्यापेक्षा जे छापावंच लागतं ते छापलंय का बघा. बनवणाऱ्याचा पत्ता, निव्वळ माप, सर्व करांसह किंमत, भरल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, तक्रारीसाठी नंबर, अन्न नोंदणीचा क्रमांक. मी माझी नोंदणी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये लागले होते. घरबसल्या होते ती.

व्हॉट्सॲपचं एक. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण निरोप पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. मी वर्षभर हवेत बोलत होते. आता पाकीट देताना म्हणते, "नंबर येसरवाली म्हणून टाकून ठेवा." इथलं माझं नावही त्याच्यातूनच आलंय.

औसेकर_मास्तर

ताई, रात्री बायको आणि मी वही घेऊन बसलो. परत घेतलेली घरं ११. त्यात मला गुरुजी, सर म्हणणारी ७. राहिले चार. खरं सांगू, बायको हसली, मला हसू आलं नाही.

केंद्रप्रमुख साहेब, अर्ज दिला. पोच मिळाली. क्लार्क म्हणला, "असलं पत्र पहिल्यांदाच आलंय, ह्याचं काय करायचं असतंय?" ग्रुपवरची जाहिरात काढली.

खर्चाचा हिशोब पण टाकतो, चुकत असंल तर सांगा. करडई घरची असली तरी बाजारभावानं ६० रुपये धरली, चार किलोचे २४०. वीज, मजुरी २५. बाटली, बूच, लेबल १८. झाले २८३. पेंड तीन किलो सुटते, २० रुपये किलोनं ६० वजा. २२३ ला लिटर पडतं, ३२० ला विकतो, ९७ राहतात. बायकोचा दिवस धरला नाही. भाऊ म्हणतो सुटं विकू, लोक घरून डबा आणतील, बाटलीचे १८ वाचतील.

येसरवाली (अंबाजोगाई)

"बायकोचा दिवस धरला नाही." हे वाक्य तिला मोठ्यानं वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते इथं टाका.

गणिताचे_सर (जालना)

सुटं खाद्यतेल विकता येत नाही, बंदी आहे, भावाला सांगा. पण लोकांनी स्वतःची करडई, शेंगदाणे, जवस आणायचं आणि तुम्ही घाण्यावर गाळून द्यायचं, किलोमागं मजुरी घ्यायची, ही गोष्ट वेगळी. तिथं माल त्यांचा, डबा त्यांचा, तुमचे पैसे अडकत नाहीत. शिमग्याच्या आसपास करडई निघाली की दोन महिने घाणा त्याच्यावरच चालेल. तुमच्या यंत्राचा हप्ता मजुरीतून निघाला तर बाटली विकायची घाई उरत नाही.

आणि उधारीचं तुम्ही लिहिलंय पण त्यातली मेख तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमची उधारीची बहुतेक गिऱ्हाइकं जिल्हा परिषदेची. म्हणजे त्यांचा पगार आणि तुमचा पगार एकाच दिवशी लांबतो. ज्या महिन्यात तुम्हाला पैशाची निकड, त्याच महिन्यात सगळी उधारी बुडीत. नोकरीबाहेर जोडधंदा कशासाठी करायचा? पगार अडला तर घर चालावं म्हणून. तुम्ही तर त्याच ट्रेझरीच्या खिडकीत दोन हात घालून उभे आहात.

औसेकर_मास्तर

सर, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो. एप्रिलमध्ये पगाराचं अनुदान अडकलं होतं तेव्हा असंच झालं असतं, तेव्हा घाणा नव्हता म्हणून वाचलो.

ताई, वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणली, "तुम्ही हजेरीपटावर माझं नावच घेतलेलं नाही." दिवसाचे ३०० धरायचे ठरलं. तीन-चार घाण्यांचं १०-१२ लिटर निघतं दिवसाला, म्हणजे लिटरमागं २५-३० आणखी. ९७ चे ७० च्या आसपास आले.

ते चार जण आता शोधतो. म्हणजे, ती शोधणार. मला बंदी आहे.

येसरवाली (अंबाजोगाई)

तिनंच जावं. आणि जाऊन तेल कसं वाटलं हे विचारायचं नाही. तोंडावर सगळे चांगलंच म्हणतात. तेल कशात घालता, ते विचारायचं. जमलं तर बघायचं.

औसेकर_मास्तर (पाच आठवड्यांनी)

मंडळी, येळवस (वेळा अमावस्या) झाली, आता सवडीनं लिहितो.

बायको चौघांकडं जाऊन आली. पहिल्या औशातल्या खानावळीच्या मावशी. त्या आमच्या तेलात काही तळत नाहीत. ताटात शेंगाची चटणी वाढली की वरून धार सोडतात, कच्चं तेल. जुनी गिऱ्हाइकं त्याच्यासाठी येतात म्हणल्या. दुसरे एसटीचे वाहक. त्यांची आई ७५ वर्षांची, तिला दुसऱ्या तेलाचा वास सोसत नाही, भाकरीवर तिखट-तेल हेच तिचं जेवण. तिसऱ्या आजीबाई, लातूरला लेकाकडं फ्लॅटवर राहतात. तिथंही तेच, चटणीवर. सुनेला आवडत नाही म्हणून आजींनी बाटली स्वतःच्या कपाटात ठेवलीय. चौथा गडी समईत घालतो. काजळी नाही धरत, दिवा शांत जळतो म्हणला. आम्ही दोघं त्यावर बराच वेळ हसलो. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

म्हणजे मी महिनोन् महिने लिटरच्या बाटलीत तळायचं तेल विकायलो होतो आणि घेणारे चमच्यानं चटणीवर घालत होते. ३२० चं तेल भजी तळायला कोण वापरंल? फळीवरच राहणार, दुसरं काय होणार!

२५० मिलीची बाटली केली, १०० रुपये. 'गुरुजी' गेले, फेटा गेला, फायदे गेले. नाव काय ठेवायचं म्हणून मी कागदावर चौदा नावं काढली होती. बायकोनं एकही घेतलं नाही. वर मोठ्या अक्षरात 'करडई' आणि खाली 'चटणीवर, ठेच्यावर कच्चं'. मागच्या बाजूला ताईंनी सांगितलेलं सगळं बारीक अक्षरात. मला जरा उघडंबोडकं वाटलं, पण बोललो नाही.

येळवसेला चुलतभावाचे चाकणचे मित्र शेतावर आले होते. दरवर्षी कुणी ना कुणी येतंच, लातूरकडं त्या दिवशी शहरात चिटपाखरू नसतं, सगळं गाव रानात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी (पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, अंबील, खीर, सगळं झालं. बायकोनं कुणाला काही विकलं नाही. नुसती पंगतीत बाटली फिरवली, भज्जीवर धार सोडायची म्हणून. एक जण म्हणला, माझी आजी असंच खायची. जाताना २३ बाटल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोघांनी ट्रॅव्हल्सनं आणखी मागवल्या, एकानं सहा आणि एकानं दहा. दुसरी पिशवी, ताई!

खानावळीच्या मावशी काउंटरवर बारा बाटल्या ठेवायला तयार झाल्यात, बाटलीमागं १० रुपये. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत स्टॉल घ्यावा का असा विचार चाललाय. ताईंचा ६,००० चा किस्सा वाचल्यावर पाय मागं येतोय. पण भाकरी-चटणीचा तुकडा हातावर ठेवला तर तेल चाखता येतं, येसरसारखं नाही. भाव अजून विचारला नाही. शिक्षकांची उधारी १४ हजारांवरून साडेपाचवर आली. राहिलेले दोघं मला बघून रस्ता बदलतात, त्यातला एक माझ्याच शाळेवर आहे.

आणि ते आजोबा. मी म्हणलं, जाऊन ९६० परत देतो. बायको म्हणली, पैसे देऊन त्यांचा अपमान करू नका. ती गेली एकटीच. सुनेबरोबर खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटली, फळीवरची एक बाटली काढली, शील फोडलं आणि वरून घातलं. आजोबा आधी नको नको म्हणत होते, गुरुजींचं आहे म्हणून. मग दीड भाकरी खाल्ली. दोन बाटल्या अजून फळीवर आहेत. ढालीशेजारी.

जुना_केंद्रप्रमुख (परभणी)

स्टॉल घेतलात तर पावती पत्नीच्या नावानं. आणि त्या दिवशी तुम्ही स्टॉलच्या मागं नाही, यात्रेत दिसा.

येसरवाली (अंबाजोगाई)

वाचून बरं वाटलं. आता माझं काम. करडईची पेंड कितीला देता? भावाकडं दोन म्हशी आहेत, एक आत्ताच व्यालीय. महिन्याला पोतंभर लागेल, अंबाजोगाईपर्यंत पोच हवी.

औसेकर_मास्तर

ताई, भाव घाणेवालीला विचारून सांगतो. नाही, ते पण नको. तिलाच इथं खातं काढून देतो, ती सांगंल.